मणक्याचं ऑपरेशन: घोटाळा कुठे होतो आणि तो टाळतात कसा

पुण्यात कुणाला मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, की सोसायटीतले निम्मे लोक तरी बजावतात, ‘नको रे बाबा, माणूस कायमचा झोपतो.’ या भीतीत तथ्य आहे, फक्त तिचा रोख चुकतो. लोकांना वाटतं, धोका म्हणजे सर्जनचा हात सटकणं. तसंही होतं, पण क्वचित. त्याहून बऱ्याच जास्त वेळा असं होतं, की ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं, टाके भरतात, नव्या एमआरआयमध्ये नस मोकळी दिसते आणि दुखणं मात्र जागच्या जागी. कारण दुखणं त्या नसेचं नव्हतंच. किंवा रक्तातली साखर, तंबाखू, ठिसूळ हाडं यांकडे आधी कुणी पाहिलेलंच नसतं. मणक्याच्या ऑपरेशनमधले बरेचसे घोळ कातडीला सुरी लागण्याआधीच ठरून गेलेले असतात. त्यामुळे हा लेखही निम्म्याहून जास्त ऑपरेशनच्या आधीच्या गोष्टींबद्दलच आहे.

एकट्या एमआरआयवर भिस्त

जंगली महाराज रस्त्यावरून चालणारी, कंबर अजिबात न दुखणारी शंभर माणसं एमआरआयमध्ये घातली तर काय दिसेल? २०१५ साली अशा, कसलीही तक्रार नसलेल्या ३,००० हून जास्त लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांची दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली होती, ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची. गादीची झीज विशीतच ३७ टक्क्यांत आणि ऐंशीत ९६ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टात ‘बल्ज’ आणि ‘डिजनरेशन’ हे शब्द दिसले, किंवा कुणी ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणालं, एवढ्यावर कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं.

चांगला सर्जन तीन गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहतो: रुग्णाची तक्रार, हातांनी केलेली तपासणी आणि एमआरआय. कमरेत एल४ आणि एल५, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या, मणक्यांमधली गादी सरकली तर सहसा एल५ ची नस दबते. दुखणं नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागात उतरतं, पायाचा अंगठा वर उचलायला जोर राहत नाही. त्याखालची गादी, म्हणजे एल५-एस१ (एस१ हा कमरेखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका), सरकली तर एस१ ची नस दबते. मग पोटरी आणि पावलाची बाहेरची कड दुखते, एका पायावर टाच उचलून उभं राहता येत नाही, घोट्यामागे हातोडी मारली तर पाऊल हलत नाही. हे तिन्ही एका रेषेत आलं तर ऑपरेशनचा गुण येण्याची शक्यता चांगली. एमआरआयमध्ये डावी नस दबलेली आणि दुखतो उजवा पाय, तर तिथेच थांबायचं.

पाय न दुखता नुसती कंबरच दुखत असेल तर गादीचा तुकडा काढून फारसा उपयोग होत नाही. या ऑपरेशनने पायाची कळ जाते, कंबरेच्या दुखण्याचा भरवसा कुणी देऊ नये. रुग्णाला हे आधी स्पष्ट सांगितलं नाही, तर उत्तम झालेलं ऑपरेशनही त्याच्या दृष्टीने फसलेलंच ठरतं.

फसवणारी दुखणी बरीच आहेत. खुब्याचा सांधा झिजला की मांडी आणि जांघ दुखते, ती कमरेच्या नावावर खपते. मधुमेहात तळपायांची आग होते, तीही. आणि चालताना पाय भरून येण्याचा प्रकार तर दोन वेगळ्या आजारांत होतो. कमरेच्या मणक्यांतली, नसा जातात ती नळी अरुंद झाली असेल तर माणूस पर्वती बऱ्यापैकी चढतो, कारण चढताना आपण पुढे वाकतो आणि नळी थोडी मोकळी होते. उतरताना पाठ मागे जाते आणि पाय जड पडतात. खाली बसलं किंवा वाकलं की बरं वाटतं, सायकल मात्र कितीही चालवता येते. उलट पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या असतील तर चढतानाच पोटऱ्या आवळतात आणि बसायचीही गरज न पडता नुसतं उभं राहिलं की दोन मिनिटांत थांबतं. अशा माणसाच्या पावलावरची नाडी बोटांनी चाचपली असती तर मणक्याचं ऑपरेशन वाचलं असतं. त्याला खर्च शून्य.

मानेचंही एक प्रकरण वारंवार हुकतं. वयस्कर माणसाची कंबर आणि मान दोन्हीकडे नळी अरुंद असू शकते. पाय जड होतात म्हणून सगळं लक्ष कमरेवर जातं. पण शर्टाची बटणं लावता येत नाहीत, हातातून कप सुटतो, सही बदलली, अंधारात तोल जातो, ही लक्षणं मानेतला मज्जारज्जू दबल्याची. हे न ओळखता कमरेच्या ऑपरेशनसाठी भूल दिली, तर श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे ताणली जाते आणि आधीच दबलेला मज्जारज्जू आणखी दुखावू शकतो. पन्नाशीपुढच्या रुग्णाला हातांबद्दल दोन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं.

आपल्याकडे मणक्याचा क्षयही लक्षात ठेवावाच लागतो. रात्रीचं दुखणं, बारीक ताप, उतरलेलं वजन आणि एमआरआयमध्ये गादीसकट तिच्या दोन्ही बाजूंचे मणके खाल्लेले दिसले, की आधी तिथला नमुना तपासायचा. इथे एक अगदी साधी चूक महागात पडते. काढलेला सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला, की जंतू मरतात. मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायचा मार्ग बंद होतो. एक भाग सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासणीसाठी, दुसरा फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीसाठी, अशा दोन बाटल्या ऑपरेशनआधीच तयार हव्यात. मणक्याच्या क्षयाचे बरेच रुग्ण निव्वळ औषधांवर बरे होतात. ती किमान वर्षभर घ्यावी लागतात.

थांबायचं कधी, धावायचं कधी

सरकलेल्या गादीची पायातली कळ बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत आपोआप कमी होते. सरकलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे मोठा, पूर्ण सुटलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त शोषला जातो. म्हणून ‘एवढा मोठा तुकडा आहे, लगेच काढा’ हे दर वेळी खरं नसतं. सहा आठवडे औषधं, व्यायाम आणि गरज पडली तर नसेजवळचं इंजेक्शन, एवढी वाट पाहण्यात सहसा तोटा नाही.

अपवाद मात्र पाठ करून ठेवा. लघवी तुंबली किंवा कधी झाली ते कळलं नाही, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, संडासवरचा ताबा गेला, दोन्ही पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर ही त्याच दिवशीची इमर्जन्सी आहे. तिथे सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. एमआरआय रात्रीच व्हायला हवा आणि नसा २४ तासांच्या आत मोकळ्या झालेल्या बऱ्या, ४८ च्या पुढे तर जाऊच नये. उशीर झाला तर पाय सुधारतील, लघवीचा ताबा मात्र कायमचा जाऊ शकतो. दिवसागणिक लुळं पडत चाललेलं पाऊलही असंच तातडीचं.

टेबलावर जाण्याआधीची साफसफाई

जखम चिघळण्याची कारणं बहुतेक वेळा रुग्णाच्या अंगात आधीपासून असतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८ च्या वर असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल तर ते पुढे ढकलणंच शहाणपणाचं. दाढेत पू, लघवीचा संसर्ग, पाठीवर फोड, यांतलं काहीही असलं तरी आधी ते निस्तरायचं. दुखतं म्हणून महिनोन् महिने गरम पाण्याची पिशवी लावून कंबरेची कातडी भाजलेली, काळी जाळीदार झालेली बरेचदा दिसते. नेमका तिथेच छेद घ्यायचा असतो. तारीख ठरली की शेक बंद. पाठीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक चिरा पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. गरज असेल तर रुग्णालयात ऐन वेळी मशिनने काढतात.

तंबाखूबद्दल विचारलं की ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं उत्तर येतं आणि फॉर्मवर ‘नाही’ची खूण होते. पण मिश्री, गुटखा, चुन्यासोबत मळलेली तंबाखू, सगळ्यांत निकोटिन आहेच. दोन मणके जोडायचे असतील तर मधे नवं हाड तयार व्हावं लागतं आणि निकोटिन नेमकं तेच अडवतं. ऑपरेशनआधी किमान ४ ते ६ आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. घरातल्या आजी दात घासायला मिश्री वापरतात, हे नातेवाइकांनी आपण होऊन सांगायला हवं. आजी ते व्यसनात धरत नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत दोन्ही बाजूंनी चूक होते. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) तपासतात, नवी औषधं किडनीच्या कामानुसार २ ते ३ दिवस. पण हृदयात नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाने शेजाऱ्याचं ऐकून स्वतःच गोळी सोडली तर स्टेंट तुंबून मृत्यू ओढवू शकतो. कोणती गोळी, कधी थांबवायची, पुन्हा कधी सुरू, हे हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी चिठ्ठीवरच.

मणके जोडायला स्क्रू बसवायचे असतील आणि रुग्ण साठीपुढची बाई असेल, किंवा कुणी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेत असेल, तर हाडांची घनता मोजून घ्यावी. त्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. अशा हाडात स्क्रूची पकड सुटते. आधी काही महिने हाडं भरण्याची औषधं देणं, स्क्रूभोवती सिमेंट भरणं, जास्त मणके धरणं, किंवा स्क्रू न टाकता भागतं का ते पाहणं, असे मार्ग असतात. पण ते सुचायला घनता आधी माहीत हवी.

मणके मोजताना

चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होतं, हे ऐकून लोक हादरतात. एवढी ढोबळ चूक शिकलेला माणूस कशी करेल? मोजायला बसा म्हणजे कळतं. मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्याखाली जुळलेलं त्रिकास्थी, हे पुस्तकातलं. प्रत्यक्षात साधारण दहातल्या एका माणसात कमरेचा शेवटचा मणका अर्धवट त्रिकास्थीला चिकटलेला असतो, किंवा त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा होऊन ‘सहावा’ दिसतो. रेडिओलॉजिस्टने वरून मोजलं आणि सर्जनने ऑपरेशनच्या वेळी खालून, की दोघांचा एल४-एल५ वेगवेगळा निघतो. इमारतीत पहिला मजला म्हणताना तळमजला धरायचा की नाही, यावरून जसा घोळ होतो तसाच.

त्यावर इलाज कागदावरच सुरू होतो. एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग’ लिहून घ्यायचं, म्हणजे मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून मोजता येतं. सोबत कमरेचा साधा समोरून एक्स-रे, ज्यात शेवटची बरगडी दिसते. आणि रिपोर्टात मोजणी कुठून केली ते स्पष्ट शब्दांत. असा जास्तीचा किंवा चिकटलेला मणका असेल तर ‘एल५’ या नावावर विसंबून न राहता ‘खालून दुसरी पूर्ण गादी’ अशा वर्णनाने सगळ्यांनी बोलायचं.

ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाला पालथं केल्यावर सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली कातडीतून एक सुई खुपसतात आणि बाजूने चित्र घेतात. ही सुई सरळ, कातडीला काटकोनात हवी. तिरकी गेली तर तिचं टोक एक मणका वर किंवा खाली दिसतं, शिवाय मणक्यांची मागची टोकं खाली झुकलेली असतात, त्यामुळे बोटाला लागलेलं टोक आणि गादी एका पातळीवर नसतात. म्हणून या पहिल्या चित्रावर फक्त छेदाची जागा ठरवायची. हाड दिसू लागलं की लोखंडी हत्यार हाडावर घट्ट टेकवून दुसरं चित्र घ्यायचं, आणि ते पाहिल्याशिवाय हाडाचा कणही काढायचा नाही. गादीत शिरल्यावर तिसरं. मधेच स्नायू धरणारं रिट्रॅक्टर सरकलं, तर पुन्हा एकदा. हे चित्र साठवून ठेवणं सर्जनच्याही हिताचं आणि रुग्णाच्याही.

स्थूल माणसात चित्र धूसर येतं. मानेचा खालचा भाग खांद्यांच्या सावलीत लपतो, म्हणून खांदे चिकटपट्टीने खाली ओढून ठेवतात. सगळ्यांत कठीण छातीचे मणके: बरगड्यांची गर्दी आणि ओळखीची खूण जवळपास नाही. तिथे त्रिकास्थीपासून वर मोजत जायचं, किंवा आदल्या दिवशीच सीटी स्कॅनखाली त्या मणक्यात धातूची खूण ठेवायची. धूसर चित्रावर ‘हाच असेल’ म्हणून पुढे जाणं, ही या विषयातली सर्वांत न पटणारी घाई.

डाव्या-उजव्याचाही घोळ होतो. पालथ्या माणसाची डावी बाजू सर्जनच्या डावीकडे येते, पण पडद्यावरचं चित्र कुणी उलटवलेलं असू शकतं. त्यामुळे रुग्ण जागा असताना, त्यालाच विचारून, दुखणाऱ्या बाजूला सर्जनने स्वतः पक्क्या शाईने खूण करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेली १९ मुद्द्यांची यादी यासाठीच आहे. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी, असे तीन थांबे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र आदल्या रात्रीच सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून ठेवलेला कागद कुणालाही वाचवत नाही.

पालथं झोपवणं हेही ऑपरेशनच

पोट टेबलावर दाबलं गेलं की पोटातल्या मोठ्या शिरेवरचा दाब वाढतो. मणक्यांभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त मागे फिरून तिथे साठतं आणि छेद घेतल्यावर पाझरत राहतं. रक्त दिसलं की सर्जनला नस नीट दिसत नाही, आणि न दिसलेल्या नसेला धक्का लागतो. म्हणून छाती आणि कमरेच्या हाडांखाली उशा देऊन पोट अधांतरी ठेवतात. पोटाखालून हात मोकळा फिरला पाहिजे.

हात खांद्यापाशी ९० अंशांहून वर ताणायचे नाहीत, कोपराखाली मऊ गादी, गुडघ्याखाली, पावलाखाली उशी. डोळ्यांवर दाब तर अजिबात नको. लांबलेल्या ऑपरेशनात, विशेषतः ६ तासांहून जास्त वेळ आणि एक लिटरच्या वर रक्त गेल्यास, दृष्टी जाण्याची दुर्मीळ पण भीषण घटना घडू शकते. त्यासाठी डोकं हृदयाच्या पातळीत किंवा किंचित वर ठेवतात, रक्तदाब पडू देत नाहीत आणि फार मोठं काम असेल तर ते दोन दिवसांत विभागून करतात.

प्रतिजैविकाचा डोस वेळेवर जाणंही याच तयारीतलं. सेफाझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम, छेदाआधीच्या ६० मिनिटांत, आणि ऑपरेशन लांबलं तर ४ तासांनी पुन्हा. वॉर्डात सकाळी ६ ला इंजेक्शन दिलं आणि छेद घेतला ११ ला, तर तो डोस वाया.

आत काय बिघडतं

मज्जारज्जू आणि नसांभोवती एक पातळ आवरण असतं, ड्युरा, आणि त्याच्या आत पाणी. ते फाटणं ही या ऑपरेशनमधली सर्वांत नेहमीची गुंतागुंत. अरुंद नळीच्या ऑपरेशनात हे दहाला एकाच्या आसपास होतं, पहिल्यांदाच गादी काढताना शंभरात तीनेक, आणि दुसऱ्यांदा उघडताना बरंच जास्त, कारण जुन्या व्रणाने सगळं चिकटलेलं असतं. टाळण्याची रीत ठरलेली आहे. हाडाच्या आतून पिवळसर लिगामेंट असतं, ते हाडाचं काम संपेपर्यंत ढालीसारखं तसंच राहू द्यायचं. मग बोथट हुकाने लिगामेंट आणि आवरण वेगळं करायचं आणि पंचने, म्हणजे हाड कुरतडणाऱ्या हत्याराने, छोटे छोटे घास घ्यायचे. पंच बंद केल्यावर काही ओढलं जातंय असं वाटलं तर हिसका न देता पुन्हा उघडायचा. फाटलंच तर ५-० किंवा ६-० च्या बारीक धाग्याने शिवतात, भूलतज्ज्ञ फुप्फुसांत क्षणभर दाब धरून ठेवतो आणि पाणी येतंय का ते पाहतात. दिसलेली आणि शिवलेली फाट पुढे सहसा त्रास देत नाही. लक्षात न आलेली फाट देते: उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, ड्रेसिंग पाण्याने भिजतं.

दुसरा धोका पुढच्या बाजूला, दिसत नाही तिथे. गादीच्या पुढच्या भिंतीला लागूनच शरीरातल्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. गादीचे तुकडे काढणारा चिमटा ३ सेंटिमीटरच्या आसपास खोल गेला की ती भिंत पार होऊ शकते. फसवं असं, की रक्त पोटात मागच्या बाजूला साचतं, पाठीच्या जखमेत काहीच दिसत नाही. रक्तदाब अचानक कोसळला आणि कारण सापडेना, तर रुग्णाला लगेच उताणा करून पोट उघडण्याची आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला हाक मारण्याची तयारी हवी. चिमट्यावर खोलीची खूण असते, ती पाहूनच काम करायचं.

स्क्रू मणक्याच्या हाडाच्या दांड्यातून, म्हणजे पेडिकलमधून, पुढे जातो. कमरेत हा दांडा जाड असतो, तिथे ६.५ मिलिमीटरचा स्क्रू सहज बसतो, पण छातीच्या मधल्या मणक्यांत तो कधी ४-५ मिलिमीटरच असतो. भोक पाडल्यावर गोल टोकाच्या सळईने चारही भिंती आणि तळ चाचपायचा. आतली भिंत फुटली असेल तर नस किंवा मज्जारज्जूला धोका. २ मिलिमीटरपर्यंत बाहेर आलेला स्क्रू सहसा त्रास देत नाही. त्यापुढे, किंवा पाय दुखू लागला तर, सीटी करून तो लवकर बदलावा. संगणकावर रस्ता दाखवणारं नेव्हिगेशन आणि रोबो आता पुण्यातही आहेत, आणि ते उपयोगी आहेत. पण हाडाला बांधलेली संदर्भ-चौकट कुणाच्या कोपराने जरा हलली, तर यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवत राहतं. दर स्क्रूआधी ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पडद्याशी पडताळणं एवढाच त्यावर उपाय.

मज्जारज्जूजवळच्या कामात नसांमधून विजेचे संदेश पाठवून त्यांच्यावर लक्ष ठेवतात. त्यासाठी भूलतज्ज्ञाने स्नायू शिथिल करणारं औषध आवरतं घ्यावं लागतं, हे आधी बोललेलं नसेल तर यंत्र लावूनही सिग्नल मिळत नाही.

आता जरा अप्रिय मुद्दा. नुसती नस मोकळी करून भागणार असताना मणके जोडून ठेवण्याकडे कल वाढलाय. मणका सरकलेला असेल, हलत असेल, नस मोकळी करताना सांधा फार काढावा लागणार असेल, तर जोडणं योग्यच. पण जोडलेल्या भागाच्या शेजारची गादी जास्त ताण घेते. पुन्हा त्रास देणाऱ्या शेजारच्या गादीचं प्रमाण वर्षाला २ ते ३ टक्के सांगितलं जातं, म्हणजे दहा वर्षांत चार-पाचातला एक. शिवाय कमरेची नैसर्गिक कमान सपाट करून जोडलं, तर माणूस पुढे झुकून चालतो आणि दिवस उतरेपर्यंत पाठ मोडून येते. ‘स्क्रू का हवेत, न टाकता चाललं तर काय होईल?’ हा प्रश्न सर्जनला सरळ विचारावा. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद. संमतीपत्रावर कोणता मणका, कोणती बाजू, स्क्रू आहेत की नाहीत, हे वाचून मगच सही करा.

पहिली रात्र

ऑपरेशननंतर दर तास-दोन तासांनी नर्सने रुग्णाला घोटा आणि अंगठा वर-खाली करायला सांगायचं आणि लिहून ठेवायचं. ऑपरेशननंतर हलत असलेलं पाऊल चार तासांनी हलेनासं झालं, कंबरेत असह्य कळ आली, खालचा भाग बधिर झाला, तर आत रक्ताची गाठ साचून नसा दाबत असण्याची शक्यता आहे. ‘भूल उतरायचीय अजून’ हे उत्तर तेव्हा ऐकून घेऊ नये. पूर्ण भुलीने पाय लुळे राहत नाहीत. पाठीत इंजेक्शन देऊन केलेली भूलही साधारण ४ ते ६ तासांत उतरते, आणि एकदा हललेला पाय भुलीमुळे पुन्हा थांबत नाही. तातडीने एमआरआय, आणि गाठ असेल तर काही तासांत पुन्हा थिएटर. जागरण करणाऱ्या नातेवाइकाने रात्री दोनला सर्जनला फोन लावायला लाजू नये. साचणारं रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी आहे म्हणजे गाठ होणार नाही, असंही नाही. नळी तुंबते.

मानेच्या पुढून केलेल्या ऑपरेशननंतर मान फुगली, आवाज घोगरा होऊन श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर पलंगावरच टाके उघडून साचलेलं रक्त मोकळं करावं लागतं. त्यासाठी उशाशी टाके काढायचं साहित्य हवं. नुसता घोगरेपणा किंवा गिळायला त्रास मात्र बऱ्याच जणांना होतो आणि काही आठवड्यांत जातो.

घरी आल्यावर

जखमेचा संसर्ग सहसा एक ते तीन आठवड्यांत डोकं वर काढतो. आधी कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, ताप आला, टाक्यांतून पाझर सुरू झाला, तर ओळखीच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. त्याने पू दबतो, जंतू सापडत नाही आणि पुढचा उपचार अंधारात चालतो. शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं सीआरपी ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांचंच चढतं आणि दोनेक आठवड्यांत उतरतं. उतरून पुन्हा चढलं तर शंका घ्यायची. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, म्हणजे शिरेत गुठळी झाली असू शकते. ती रात्रीही दाखवायची.

गादीचं ऑपरेशन झालेल्यांत ५ ते १५ टक्के लोकांची तीच गादी पुन्हा सरकते. म्हणून पहिले सहा आठवडे वाकून वजन उचलणं आणि कंबर पिळणं टाळायचं. दुचाकीचं काय, हा पुण्यातला हमखास प्रश्न: निदान सहा आठवडे चालवू नका आणि मागेही बसू नका, खड्डे दोघांनाही सारखेच बसतात. चालणं मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, रोज थोडं वाढवत. वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही आणि कुंथण्याने कमरेवर ताण येतो, तेव्हा पाणी, पपई, लागलंच तर पोट साफ करणारं औषध पहिल्याच दिवसापासून. कमरेचा पट्टा सांगितलेल्या दिवसांपुरताच. पुढे तो बांधत राहिलं की स्नायू आळशी होतात.

डिस्चार्ज घेताना फाइलसोबत तीन गोष्टी मागून घ्या: ऑपरेशनची सविस्तर टिपणी, मणका कोणता ते दाखवणारं सी-आर्मचं चित्र, आणि एमआरआयची सीडी, नुसती फिल्म नको. स्क्रू बसवले असतील तर प्रत्येक स्क्रू-रॉडच्या पाकिटावरचा स्टिकर कार्डावर चिकटवून मागा. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. पुढे कधी स्क्रू काढायची किंवा बदलायची वेळ आली, तर कोणत्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर मागवायचा हे त्यावरूनच कळतं. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याची खाच वेगळी, आणि ती जुळली नाही तर थिएटरमध्ये रुग्ण पालथा, पाठ उघडी, आणि हत्याराची गाडी वाहतुकीत अडकलेली.